मातीतला पैलवान आणि किकबॉक्सर, दोघांना प्रो रेसलिंगकडं जायचंय: इथं बेळगावात राहून काय तयारी होईल?

कडोली तालीम

नमस्कार मंडळी. तालमीतल्या दोन पोरांसाठी विचारूलालोय. पहिला २२ वर्षांचा, उंची ६ फूट १ इंच, वजन ९८ किलो. आठ वर्षं माती, त्यात शेवटची तीन वर्षं मॅटही. जत्रेच्या मैदानात वरच्या जोडीत लागतो. हातखंडा डाव पट (पाय खेचून पाडणं), कलाजंग (खांद्यावर उचलून टाकणं) आणि ढाक (हात काखेत अडकवून फेकणं). दुसरा १९ चा, ७६ किलो, किकबॉक्सिंग करतो, कुस्ती जेमतेम. दोघांनाही डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या प्रो रेसलिंगमध्ये जायचंय. घरचे म्हणतात, सगळं आधीच ठरवलेलं असतंय, पैलवानाला त्यात काय अवघड?

आपल्याकडं रिंग नाही. मातीचा हौदा आहे आणि एक जुनी मॅट. सहा-आठ महिन्यांत इथं काय शिकवता येईल, कुठल्या सवयी मोडाव्या लागतील आणि बाहेर कधी पाठवायचं? मान-पाठ गमावून परत आलेली पोरं नकोत, म्हणून सविस्तर सांगा.

दस्ती

वस्ताद, आधी पडणं शिकवा. ते येईपर्यंत डाव नको, उड्या नकोत.

मातीतल्या पैलवानाचं शरीर पाठ लागू द्यायची नाही याच एका गोष्टीसाठी घडलेलं असतं. हवेत असतानाच तो पोटावर वळतो, मान टेकून पूल धरतो म्हणजे पाठ उचलून ठेवतो, उचलणाऱ्याच्या पायाला लपेट घालतो. यामुळंच त्याची कुस्ती वाचते. प्रो रेसलिंगमध्ये त्याच सवयीनं मान जाते. उचलणाऱ्यानं समोरचा सपाट पाठीवर पडणार हे धरून जोर लावलेला असतो. तुम्ही अर्ध्यात वळलात की त्याची पकड सरकते आणि खांदा नाहीतर डोकं आधी टेकतं.

सपाट पडण्याला तिकडं बंप म्हणतात. तो असा शिकवा. हौदा नीट खणून भुसभुशीत करा, ढेकूळ राहू देऊ नका. पोराला उकिडवं बसवा. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेंबीवर, तोंडात गमशील्ड, दात मिटलेले. मागं जाताना दोन्ही हात अंगापासून ४५ अंशांवर, तळवे जमिनीकडं. आधी टेकायला हवा तो खांद्याच्या दोन पात्यांचा सपाट भाग, त्याच क्षणी तळवे आणि पूर्ण हात जमिनीवर आपटायचे. गुडघे वाकलेले, दोन्ही पावलं सपाट. टेकताना श्वास जोरात बाहेर. डोकं जमिनीला लागताच कामा नये आणि माकडहाड पहिलं टेकू नये.

पहिले दोन आठवडे उकिडव्यानंच, आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी १० चे दोन फेरे. मग अर्ध्या बैठकीतून, मग उभ्यानं. सहाव्या-सातव्या आठवड्यात उभ्यानं २०-२५ पडणी दिवसाला पुरेत. हे जोर-बैठकांसारखं हजारात मोजायचं काम नाही, प्रत्येक पडणं मेंदूला थोडा धक्का देतंच.

चुका ठरलेल्या आहेत. हात मागं टेकवला की मनगट, कोपर नाहीतर गळ्याजवळचं हाड मोडतं, म्हणून हात आधी कधीच जमिनीकडं न्यायचा नाही. श्वास धरून ठेवला की टेकताक्षणी दम कोंडतो आणि पोरगं घाबरतं. पाय पसरून सरळ ठेवले की सगळा झटका कंबरेत जातो.

मानेबद्दल एक गोष्ट बहुतेक तालमींत सुटते. पुलानं मानेची मागची बाजू तयार होते. पडताना डोकं मागं झोकू नये म्हणून लागतात ते पुढचे स्नायू, आणि पैलवानाचे तेच कच्चे राहतात. उताणं झोपवा, हनुवटी आत घेऊन डोकं इंचभर उचलून २० सेकंद धरायला लावा, असं पाच वेळा, रोज. महिनाभर हे झाल्याशिवाय उभ्यानं पाडू नका.

डोकं दुखलं, गरगरलं, उलटीसारखं झालं, प्रकाश सहन होईना, तर त्या दिवशीचं काम तिथंच बंद. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय परत पडायचं नाही. पहिला धक्का भरून येण्याआधी बसलेला दुसरा धक्का जिवावर बेततो.

मॅटवाला निपाणी

वरच्या प्रतिसादाला जोडून डावांबद्दल लिहितो, कारण मोठ्या पोराची खरी अडचण तिथं येणार.

कुस्तीत कोणी उचललं की आपण अंग जड करतो, लोंबकळतो. इथं उलट, उचलला जाणारा स्वतः उडी मारतो. साध्या उचलून आपटण्यात उचललेला गडी आपला एक हात उचलणाऱ्याच्या मांडीवर टेकून स्वतःचा भार सावरतो. ९८ किलोच्या पोरानं ही उडी मारली नाही तर समोरच्याची कंबर जाईल. आठवडाभर नुसतं हेच करून घ्या: एकानं उचलायचं, दुसऱ्यानं हलकं व्हायचं, आणि परत उभं करून सोडायचं. टाकायचं नाही.

आता त्याचे डाव. कलाजंग उत्तम. जॉन सीना शेवटी खांद्यावर घेऊन टाकायचा, त्याची उचल कलाजंगासारखीच. फरक टाकण्यात आहे. आपण कलाजंग मारताना समोरच्याच्या अंगावर जातो आणि त्याला खांद्या-मानेवर पालथा करतो. रिंगमध्ये त्याला पूर्ण फिरून सपाट पाठीवर जायला जागा द्यावी लागते, आपला भार त्याच्यावर येऊ न देता. पटही चालतो, फक्त डोकं बाहेरच्या बाजूला ठेवा आणि गुडघ्याच्या मागं खेचताना पाय मुरगळू नका.

ढाक मात्र वर्षभर बंद. ढाकेत समोरच्याचा हात आपल्या काखेत अडकलेला असतो. तो हात सुटा नसेल तर त्याला जमिनीवर आपटता येत नाही आणि झटका सरळ खांद्याच्या सांध्यात जातो. धोबीपछाड (हात धरून पाठीवरून फेकणं) मारायची तर हात शेवटच्या क्षणी मोकळा सोडायची सवय लावा. मोळी मात्र ठेवा. मान-पाय बांधून तीन मोजेपर्यंत धरणं तिकडं रोजचं आहे आणि त्यात दुखापत कमी.

खडाखडी, म्हणजे सुरुवातीची पकडापकडी, तीही बदलते. सुरुवातीच्या पकडीत डावा हात समोरच्याच्या मानेमागं, उजवा त्याच्या दंडावर. अमेरिकन पद्धतीत डोक्याची, हाताची पकड डाव्या बाजूला घेतात, मेक्सिकोत उजव्या. पैलवान सवयीनं मिळेल त्या बाजूनं घुसतो आणि मग दोघांची डोकी आपटतात. भिंतीवर लिहून ठेवा: डावी बाजू.

माळमारुती जिम

१९ च्या पोराबद्दल. किकबॉक्सिंगवाल्याला लोक सोपा समजतात, तसा तो नाही. त्याला लक्ष्याच्या आरपार मारायचं शिकवलेलं असतं. इथं कातडीवर थांबायचं असतं, आणि सगळ्यात मागच्या रांगेला मात्र लागल्यासारखं दिसलं पाहिजे.

थांबायला सांगितलं की नवखा अर्धा फूट आधीच थांबतो, ते कॅमेऱ्यात उघडं पडतं. उपाय म्हणजे ताकद नंतर, अंतर आधी. भिंतीला जुनी गादी बांधा, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद लटकवा. कागद हलला पाहिजे, गादी दबता कामा नये. दोन आठवडे हळू, मग वेग. जोडीदारावर पहिला महिना फक्त कोपराखालचा हात, तोही छातीच्या रुंद सपाट भागावर. ठोसा मारायचाच तर मूठ सैल, कोपर वाकलेलं, गालाच्या हाडावर किंवा कपाळावर. नाक, डोळा, दात, कानशील, गळा पूर्ण वर्ज्य. आवाज पाय जमिनीवर आपटून येतो.

लाथ छातीवर मारताना नडगीचं हाड लागू देऊ नका, पावलाचा वरचा सपाट भाग लागला पाहिजे. समोरच्यानं हात उघडून छाती दिल्याशिवाय लाथ सुटायचीच नाही. पाठीमागून, त्याला दिसत नसताना, डोक्याकडं लाथ कधीही नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये जपानमध्ये अकिरा माएदा या प्रो रेसलरनं समोरच्या रिकी चोशूला अशीच न सांगता लाथ मारली, चोशूच्या डोळ्याखालचं हाड मोडलं आणि माएदाला न्यू जपान कंपनी सोडावी लागली. माएदा कराटेतून आलेला होता, लाथ कुठं आणि किती जोरात बसेल हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

दुसरी सवय गार्डची. हात गालाशी, हनुवटी खाली, चेहरा झाकलेला. प्रेक्षकाला चेहराच दिसत नसेल तर त्याला दुखतंय की राग आलाय हे कळणार कसं? हात छातीपर्यंत खाली आणायला शिकवा.

खासबाग जुना

मी थोडं वेगळं बोलतो. मोठ्या पोराला २२ व्या वर्षी मॅटवरून काढू नका. हेच मॅटचं उमेदीचं वय आहे. आणि नुरा कुस्तीला, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेल्या मैदानी कुस्तीला, आपण जन्मभर नावं ठेवली, आता ठरवलेल्या कुस्तीसाठी तालीम द्यायची?

गेबल स्टीव्हसन बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये १२५ किलोत फ्रीस्टाइलचं सुवर्ण, २०२१ मध्येच डब्ल्यूडब्ल्यूईशी करार, आणि २०२४ मध्ये करार संपला. परत कॉलेजच्या मॅटवर गेला आणि २०२५ ची अंतिम कुस्ती हरला. एवढ्या मोठ्या पैलवानाचं असं झालं, तर जत्रेतल्या पोराचं काय होईल याची काळजी वाटते.

मॅटवाला निपाणी

काका, काळजी रास्त आहे, पण ऑलिंपिकमधून तिकडं गेलेल्यांत चॅड गेबलही आहे. लंडन २०१२ ला ८४ किलोत ग्रीको-रोमन खेळला, पदक नाही, उंचीही फारशी नाही. २०१३ मध्ये करार झाला, खालच्या पातळीवर काही वर्षं काढली आणि आज तिथल्या सगळ्यात सफाईदार पैलवानांत धरला जातो. कर्ट अँगलचं ऑलिंपिक सुवर्ण १९९६ चं, टीव्हीवरची पहिली कुस्ती नोव्हेंबर १९९९ ची. ब्रॉक लेसनर २००० मध्ये कॉलेजचा विजेता, मोठ्या पडद्यावर २००२ मध्ये, मधला काळ ओहायो व्हॅली या सराव-संस्थेच्या लहान रिंगमध्ये. पदक दार उघडून देतं, पुढचं सगळं पहिलीपासून शिकावं लागतं.

लेसनरचंच पुढचं उदाहरणही पोरांना दाखवा. २००३ च्या रेसलमेनियात (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम) त्यानं वरच्या दोरावरून उलटी कोलांटी घेतली, अंतर चुकलं, डोक्यावर आला आणि मेंदूला मार बसला. ती उडी त्यानं आधी लहान रिंगमध्ये मारलेली होती. त्या रात्री समोरचा थोडा लांब पडला होता, एवढंच कारण पुरलं. मोठ्या पोराला वर्षभर दोरावर चढू देऊ नका.

नुरा कुस्तीबद्दल एवढंच म्हणतो की मैदानातली नुरा म्हणजे तिकीट काढून खरी कुस्ती बघायला आलेल्या माणसाची फसवणूक. इथं आलेल्या माणसाला निकाल ठरलेला असतो हे ठाऊक आहे. दारासिंगांनी दंगलीही केल्या आणि १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या नामवंत प्रो रेसलर लू थेझला हरवलं तेही याच धंद्यातलं. जपानी तालमींत आजही नवख्यांकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतात. तिकडं त्यांना हिंदू स्क्वाट म्हणतात, कार्ल गॉच या प्रो रेसलरनं त्या तिथं रुजवल्या. आपल्या पोरांकडं ती शिदोरी आधीपासून आहे.

कडोली तालीम

खूप उपयोगी. मॅट सोडवणार नाही, दोन्ही चालू ठेवू. आता दोन प्रश्न. हौद्यातच सहा महिने पाडलं तर चालेल का? आणि इथल्या उद्यमबाग औद्योगिक भागातून रिंग बनवून घ्यावी का? फॅब्रिकेटर ओळखीचा आहे.

वेल्डर उद्यमबाग

हौदा पहिले चार-पाच आठवडे. त्यापुढं नुकसानच. माती मऊ असते, चुकीचं पडलं तरी माफ करते, त्यामुळं चूक पक्की होते. शिवाय पाय रुततात, पावलं शिकता येत नाहीत, आणि घाम-पाण्यानं माती बसली की वरून मऊ, आत दगडासारखी होते.

पूर्ण रिंग आत्ता बनवू नका. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फुटी, लहान संस्था १६ किंवा १८ फुटीवर भागवतात. खाली स्टीलच्या तुळया, वर फळ्या किंवा प्लाय, त्यावर इंचभर फोम, वर ताणलेलं कॅनव्हास. हे सगळं इथं होईल. अवघड आहेत ते चार खांब. तीन दोर ताणल्यावर खांब आत ओढले जातात, त्यात ९८ किलोचा गडी पळत येऊन दोरावर आदळतो. खालून तिरके ताण आणि बेस नीट नसेल तर वेल्ड तडकतो किंवा टर्नबकलचा (दोर ताणून धरणाऱ्या कडीचा) हूक उघडतो आणि माणूस दोरासकट बाहेर जातो. ज्यानं एकदाही रिंग जुळवलेली नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

त्याऐवजी ८ बाय ८ चा जमिनीलगतचा फळा बनवा. १८ मिमी प्लायच्या ८ बाय ४ च्या चार शीट. खाली २ बाय ४ ची लाकडी पट्टी, दर फुटावर एक, सपाट कोब्यावर. पहिल्या दोन शीट एका दिशेनं, वरच्या दोन आडव्या, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही आणि फट उघडत नाही. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडालेली हवीत. वर तुमची जुनी मॅट, आणि ताडपत्री घट्ट ओढून कडेला खाली ठोकलेली. सुरकुती राहिली तर पाय अडकून घोटा मुरगळतो. दर आठवड्याला खालून बघा, पट्टी तडकली असेल तर बदला. पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका, प्लाय फुगतो.

दस्ती

दोराच्या धावेसाठी अजून एक. दोर नसले तरी पावलं बसवता येतात. जमिनीवर १८ फुटांची खूण करा. मधून तीन पावलांत कडेला पोचायचं, वळायचं, परत तीन पावलांत मध्ये. पावलं चुकली की माणूस दोराजवळ अडखळतो किंवा छातीनं आदळतो. वळताना पाठ दोराला, उजव्या हातानं वरचा दोर पकडायचा. तो हात शोभेचा नाही, दोर सुटला तर तोच वाचवतो. तुमचं मोठं पोरगं उंच आहे, वरचा दोर त्याला खाली लागेल आणि वेगात आलं तर मागं उलटून जाईल. त्यानं कंबर थोडी खाली घेऊन जायचं. खऱ्या रिंगवर पहिल्या आठवड्यात काखेखाली आणि पाठीवर काळेनिळे वळ उठतात, त्यानं घाबरू नका.

दमाचंही बघा. मैदानी कुस्ती दोन-चार मिनिटांच्या स्फोटांवर चालते, अर्धा वेळ खडाखडीत जातो. इथं १० ते १५ मिनिटं पडणं, उठणं, पळणं. फळ्यावर एक मिनिट पड-ऊठ, एक मिनिट पावलं, एक मिनिट पकड, असे पाच फेरे मध्ये न थांबता.

आणि इशारे. हात दोनदा हलका दाबला म्हणजे मी ठीक. उत्तर आलं नाही तर थांबायचं. पंचानं डोक्यावर हातांची फुली केली म्हणजे खरी दुखापत, तिथं पुढचं काहीही ठरलेलं असलं तरी करायचं नाही. हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

टिळकवाडी क्लिनिक

सुरू करण्याआधी दोघांची तपासणी. आठ वर्षं पूल धरलेल्या पैलवानाच्या मानेचा एक्स-रे अस्थितज्ज्ञाला दाखवा. हाताला मुंग्या येत असतील, पकड अचानक सुटत असेल तर एमआरआय होईपर्यंत पडायचंच नाही. हेपॅटायटिस बी ची लस दोघांना द्या: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी, असे तीन डोस. या धंद्यात कपाळ फुटून रक्त येणं नवं नाही. तालमीत गजकर्ण असेल तर बरं होईपर्यंत त्या पोराला सामाईक मॅट बंद. फळा-मॅट रोज जंतुनाशकानं पुसा. हौद्यातली हळद-ताकाची सवय फोमवर लावू नका, फोम आत ओला राहून सडतो.

डब्ल्यूडब्ल्यूईत २००६ पासून औषध-चाचणी आणि हृदय-मेंदूची तपासणी आहे. जिममध्ये मिळणारी लेबल नसलेली पावडर आणि इंजेक्शनं आजच बंद करा.

मॅटवाला निपाणी

बाहेर कधी पाठवायचं, त्याचं उत्तर. उभ्यानं सलग दहा पडणी, डोकं एकदाही न टेकता, आणि जोडीदाराला दहा वेळा उचलून अलगद ठेवणं. हे जमलं की पाठवा, त्याआधी नाही.

भारतात डब्ल्यूडब्ल्यूईत गाजलेल्या खळीनं २०१५ मध्ये जालंधरला सुरू केलेली अकादमी सगळ्यात माहितीची. कविता देवी तिथूनच २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिला स्पर्धेत पोचली. ती मूळची वेटलिफ्टर. बेळगावाहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथून पुढं पंजाब. पैसे भरण्याआधी पालकांपैकी एकानं आठ दिवस तिथं राहून बघावं: एका शिकवणाऱ्यामागं किती पोरं, पहिल्या आठवड्यात नवख्यांना उड्या मारायला लावतात का, डोक्याला मार लागला तर कोण निर्णय घेतं, दवाखान्याचा खर्च कोणाचा. उत्तरं लेखी नसतील तर परत या.

डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१९ मध्ये मुंबईत निवड चाचणी घेतली होती. अशा चाचणीत दमाचे व्यायाम, दोराची धाव, पडणं आणि कॅमेऱ्यासमोर बोलणं बघतात. बोलण्यात आपली पोरं मागं पडतात, तसं व्हायचं कारण नाही. आपल्या भागातल्या पोराला मराठी, कन्नड, हिंदी सहज येते, इंग्रजी जोडीला घ्या. आठवड्यातून दोनदा मोबाइलवर एक मिनिट: मी कोण, समोरच्याचं आणि माझं भांडण कशावरून, उद्या काय करणार. कागद न बघता. पाठ केल्यासारखं वाटलं की परत. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, प्रकाश चेहऱ्यावर. पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा, चाचणीची हाक आल्यावर वेळ मिळत नाही.

करार आला तर वकिलाला दाखवा. तिकडचे बहुतेक पैलवान पगारी नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. रिंगमधलं नाव कोणाच्या मालकीचं, दुखापतीच्या काळात पैसे मिळतात का, बाहेर कुस्ती खेळायला बंदी आहे का, ही तीन कलमं आधी वाचा. शेवटच्या कलमावरच तुमच्या मोठ्या पोराचं मॅट आणि जत्रा अवलंबून आहे.

खासबाग जुना

मॅट चालू ठेवणार म्हणालात, बरं वाटलं. मग एक नियम पाळा. जत्रेच्या मैदानाआधी दहा दिवस पडण्याचा सराव पूर्ण बंद. पाठीवर सैल पडायची सवय ताजी असेल तर निकराच्या क्षणी तो वळणार नाही, चितपट होईल. आणि मैदानानंतर परत फळ्यावर जाताना पहिले दोन दिवस उकिडव्यानंच सुरुवात करा, म्हणजे उलटी सवय तिकडं जाणार नाही.